लॉरीजलाचा संकल्प

वरुणदेवाला वंदन करून, आमच्या तीर्थरक्षण मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त हे लिहितो. मंडळ भक्तीतून जन्मले असे सभेत सांगितले जाते. ते संतापातून जन्मले.

ऐंशीच्या दशकातल्या मद्रासेत आमच्या देवळाची पुष्करिणी, म्हणजे पायऱ्यांचे तळे, कोरडी पडली. पाऊस पडत होता. परंतु त्याचे पाणी आत आणणारी वाट विश्वस्तांनी बुजवून तिच्यावर दुकाने उठवली होती. मग तिच्या पाझरावर भरणाऱ्या घरोघरच्या विहिरीही आटल्या. आमच्या विहिरीत घागर तळाशी आपटून वाजे. तरीही देवाला नौकेतून तळ्यात फिरवण्याचा नौकोत्सव चुकू नये म्हणून विश्वस्तांनी त्या कोरड्या तळात सिमेंटचा हौद बांधला आणि लॉरीने पाणी मागवले. काठावर बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या, आणि त्यांच्यासमोर लॉरी हौदात रिकामी होत होती! देवाच्या नावाने शेजाऱ्याला तहानलेले ठेवणे, याला मी आजही अधर्मच म्हणतो.

संकल्प सांगण्याचा मान माझा. आपण कोठे, केव्हा, कोणत्या तीर्थाशी उभे आहोत, हे त्यात देवाला सांगायचे असते. तीर्थाच्या नावापाशी जीभ अडली. देवाशी खोटे कसे बोलू? मी म्हणालो, "अस्मिन् लॉरीजले..."

पुजाऱ्यांच्या हातची पळी निसटली. शेजारच्या मामी मोठ्याने हसल्या, "आज कुठे मंत्र कळला हो, शास्त्रीमामा!"

मुख्य विश्वस्त लालबुंद झाले. "देवासमोर थट्टा करता?"

"थट्टा तुमच्या हौदाने मांडली आहे. मी फक्त तिचे नाव घेतले."

"मग तुम्हीच आणा तीर्थ!"

"आणतो. दुकानांखालची वाट मोकळी करा."

"आणि दुकानं काय डोक्यावर घेऊ?"

मामींनी घागर पायरीवर आदळली. "घ्या! आम्ही पाणी डोक्यावरूनच आणतो."

त्या दिवशी नौकेची दोरी ओढायला कोणी पुढे झाले नाही. त्याच पायऱ्यांवर मंडळ स्थापन झाले. पुढे कित्येक वर्षे अर्ज, हेलपाटे, अपमान. अखेर दुकाने हलली, हौद फुटला, गाळ आम्ही उपसला, आणि पुष्करिणीत पाणी आले.

आता विश्वस्तांनी तीर्थोद्धारक म्हणून स्वतःचीच नावे कोरलेली शिळा उभारली आहे. नावाचा मला राग नाही. परंतु ती रोवली कोठे? पाण्याच्या वाटेच्या तोंडातच! अर्धे पाणी पुन्हा रस्त्यावरून वाहून जाते. ही शिळा हलेपर्यंत नौकोत्सवाचा संकल्प मी सांगणार नाही, हे विश्वस्तांना कळवून आलो आहे.

वाचकहो, आपल्या घरची विहीर भरलेली राहो, आपल्या लेकीसुनांच्या घागरी तळाशी कधी न वाजोत, आणि आपल्या मुखी पाण्याचे नाव सदैव खरे राहो.