माझ्या वाट्याची पोथी

जेरुसलेमच्या आमच्या वस्तीत कोणालाही विचारा, ज्यू कायद्याच्या मिश्ना ग्रंथाचे सहाही भाग तोंडपाठ असलेला झुंडल कोण. कोणीही सांगेल, गेट्झल गॅसवाल्याचा भाऊ. मोठा विद्वान तो, पण ओळख माझ्या नावाने. दोन हातांत दोन टाक्या घेऊन दगडी जिने चढणारा माणूस या भागात माझ्याशिवाय दुसरा दाखवा, मग बोलू.

त्याला वर काढला तो मी. आबांचा दमा वाढला तेव्हा मी शाळा सोडली आणि टाक्यांच्या गाडीवर लागलो. झुंडलची शाळा एक दिवस चुकू दिली नाही. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र सुट्टीच्या, जेवणाला आबा प्रश्न विचारायचे ते त्याला. मी मासा वाढायचो. त्याचं उत्तर बरोबर आलं की आबांच्या आधी मीच टेबलावर हात आपटायचो.

शुक्रवारी दुपारी तो माझ्या गाडीत पुढे बसून यायचा. एकदा मी विचारलं, "एवढा मोठा मिश्ना, सगळा कायदाच कायदा. सापडतं कसं रे तुला त्याच्यात?"

"सोपं आहे दादा. सहा भाग. शेती, सणवार, लग्न-काडीमोड, नुकसानभरपाई, मंदिराचे यज्ञ, आणि शेवटी सोवळं-ओवळं. प्रत्येक भागात पोथ्या, पोथीत अध्याय."

"आणि कुठली पोथी कुठे, ते कोणी ठरवलं?"

"जिचे अध्याय जास्त ती आधी. मग उतरत्या क्रमाने लहान लहान."

"म्हणजे थोरला पुढे, धाकटा मागे. आपल्या घरासारखं."

"शेतीच्या भागात तसं नाही. तिथे सगळी उलटापालट आहे."

"शेतकरी असतील. ऐकत नसतील कोणाचं."

तो इतका हसला की टोपी खाली पडली. तेवढी रचना मला त्या दिवशी कळली ती कायमची. त्यानंतर गिऱ्हाइकांना सांगायचो मी, माझ्या भावाने शिकवलंय म्हणून.

पुढे तो मोठ्या पाठशाळेत शिकवायला लागला. दाढी आली, मागे शिष्य आले. रस्त्यात भेटला की शिष्यांसमोरही "दादा" म्हणायचा. मला बरं वाटायचं. वाटणारच.

मग गेल्या वर्षी आबा गेले.

आमच्यात माणूस गेला की घरचे नि ओळखीचे मिळून सगळा मिश्ना वाटून घेतात. ज्याने त्याने आपली पोथी वाचायची, तिसाव्या दिवसाच्या आत संपवायची. गेलेल्याच्या आत्म्याला त्याचा आधार. सुतकाचे सात दिवस आम्ही बुटक्या स्टुलांवर बसलो होतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाला झुंडल पोथी देत होता. सणवार पटकन संपलं. लग्न-काडीमोडही संपलं. सोवळं-ओवळं उरलं. त्या भागाला कोणी हात लावत नाही. एक पोथी सोडली तर पुढच्या पंडितांनी त्याच्यावर चर्चाच लिहून ठेवली नाही, त्यामुळे पाठशाळेतही तो शिकवत नाहीत. त्यात पहिलीच पोथी भांड्यांची, तीस अध्याय. कुठलं भांडं कधी बाटतं, कधी शुद्ध होतं.

मी म्हटलं, "ती मला दे."

झुंडलने वर पाहिलं. "दादा, ती अवघड आहे. शेवटची घे ना, तीन अध्याय आहेत."

"थोरला मी आहे. सगळ्यात मोठी ती माझी."

लोकांसमोर त्याने वाद घातला नाही. "बरं," म्हणाला. "जमेल तेवढं कर."

जमेल तेवढं? मी चार मजले टाकी चढवतो. पहाटेची प्रार्थना झाली की गाडीत बसून मोठ्याने वाचायचो, रोज एक, कधी दोन अध्याय. हिब्रू अडखळू नये म्हणून काना-मात्रा लावलेली प्रत आणली होती. चूल म्हणजे काय, तिला चीर गेली तर काय, पलंगाचा पाय मोडला तर काय. लाकडी भांड्याला डाळिंबाएवढं भोक पडलं तर ते भांडं म्हणून धरायचं नाही. अर्धं कळायचं, अर्धं नाही. नाही कळलं की झुंडलला फोन. तो समजावून सांगायचा, न चिडता. एकदा तर म्हणाला, "दादा, तू खरंच वाचतोयस की."

"मग काय खोटं वाचतात?" मी म्हटलं.

बायको म्हणाली, झोपेत पण तुम्ही भांडीच मोजता. मोजत होतो. आबांनी मला जन्मात एक प्रश्न विचारला नव्हता. आता विचारलाच, तर माझ्याकडे उत्तर असणार होतं.

तिसाव्या दिवशी झुंडलच्या घरी सगळे जमले. शेवयांचं भाजलेलं कुगेल होतं, खारा मासा होता, थोडी दारू. रिवाज असा की शेवटचा तुकडा वाचायचा राखून ठेवायचा आणि तो सगळ्यांसमोर वाचून संपवायचा. मी भांड्यांच्या पोथीचा शेवटचा तुकडा राखला होता. नवा सदरा घातला होता. पोथी काखेत.

झुंडलचा एक शिष्य माझ्या शेजारी येऊन बसला. लीपा नाव त्याचं. सज्जन मुलगा, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्या वडिलांसाठी मला करायला मिळालं, माझं भाग्य. कधी उघडलीच नसती मी ती पोथी."

"कुठली?"

"भांड्यांची. काल संपवली."

"चुकत असशील. ती माझ्याकडे आहे."

"नाही, गुरुजींनीच दिली. पहिल्याच आठवड्यात." मग त्याने माझ्या काखेत पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

मी झुंडलला स्वयंपाकघरात गाठलं. तो ग्लास विसळत होता.

"लीपाला माझी पोथी दिलीस?"

त्याने नळ बंद केला. "दादा, ऐक. एक अध्याय राहिला असता तर सगळा मिश्ना अपुरा राहिला असता. आबांचा प्रश्न होता. मी जोखीम कशी घेणार?"

"मी रोज तुला फोन करत होतो."

"मला काय माहीत तू शेवटपर्यंत जाशील? आणि दोघांनी वाचली तर बिघडलं काय? आबांना दुप्पट पुण्य."

"तुझी पोथी कुठली होती?"

"नुकसानभरपाईच्या तीन."

"त्या कोणाला दिल्यास जोडीला?"

 जगातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारा माझा भाऊ टॉवेलने कोरडा झालेला ग्लास पुसत राहिला.

बाहेरून कोणीतरी हाक मारली, सुरू करू या म्हणून. झुंडल हळू आवाजात म्हणाला, "तू वाच ना दादा शेवटचा तुकडा. सगळ्यांसमोर. लीपा काही बोलणार नाही."

लीपा बोलणार नाही. म्हणजे मी वाचायचं ते त्या पोराच्या मेहेरबानीवर.

मी बाहेर येऊन बसलो. झुंडलने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, नाही. मग लीपाने वाचला, खाली मान घालून. वाचन संपल्यावरची प्रार्थना आम्ही दोघा भावांनी उभं राहून एका आवाजात म्हटली. आबांचं नाव होतं, तिथे भांडायचं नसतं. लोक म्हणाले, काय भाऊ आहेत बघा.

माझा तुकडा मी दुसऱ्या दिवशी दुपारी आबांच्या कबरीपाशी उभं राहून वाचला. मोठ्याने, एक अक्षर न गाळता. पुढची प्रार्थना म्हणता आली नाही, तिला दहा माणसं लागतात.

परवा झुंडलचा फोन आला. वर्षाचा दिवस जवळ आला, पुन्हा वाटणी करायची आहे. कामाचं, मुलांचं बोलला. मग म्हणाला, "दादा, तुझ्यासाठी कुठली ठेवू?"

घेतो म्हटलं, तर माझ्यामागे कोणीतरी दुसरा तीच वाचणार. नको म्हटलं, तर आबांचा थोरला मुलगा रिकाम्या हाताने बसणार.

"तू तुझी वाटणी पुरी कर," मी म्हटलं. "माझं नाव घालू नकोस. मी भांड्यांची पुन्हा सुरू केलीय."

"मग नाव घालतो ना तिच्यापुढे."

"नको. तुझ्या वाटणीत नाही. माझी माझी वाचतोय."

 मग त्याने विचारलं, कितवा अध्याय चालू आहे.

मी सांगितलं नाही.