रेडिओ लावायचा कुणी

आमच्या विद्यानगरच्या गल्लीत त्रिवेणी देगलूरकर पाठमोरी चालली तरी ओळखू येते. मान जराशी डावीकडे कललेली. शिवणाच्या मशीनवर वाकून वाकून झालेलं ते. लग्न होऊन आली तेव्हापासून ती नारायणगुड्याला एकनाथरावांच्या शिवणखोलीत कामाला जायची. शाळांचे गणवेश, ब्लाऊज, परकर, जे येईल ते. माझे ब्लाऊज तिच्याच हातचे, आणि आमच्या दत्ताच्या देवळातली देवाची वस्त्रंही तीच शिवायची.

एकनाथरावांच्या खोलीची गंमत म्हणजे तिथला रेडिओ. म्हातारा भारी शिस्तीचा. फळीवर एक रेडिओ, आणि त्याचे कायदे कोर्टासारखे. आवाज मशीनच्या आवाजाच्या खाली राहिला पाहिजे. शेजारणीने हाक मारली तर पहिल्याच हाकेला ऐकू आली पाहिजे. एक दिवस तेलुगू, एक दिवस हिंदी. गुरुवारी सकाळी देवाची गाणी, त्यात कुणी कुरकुर करायची नाही. आणि डोकं दुखत असेल तिने सरळ उठून बंद करावा, का म्हणून कुणी विचारू नये.

मी एकदा थट्टेने म्हटलं, "एकनाथराव, तुमचा रेडिओ म्हणजे सोवळ्यातला देवच की हो!"

"सोवळं नाही वहिनी, अदब," ते म्हणाले. "आठ बायका एका खोलीत. कुणाच्या मनात काय चाललंय, आपल्याला काय मालूम?"

याच अदबीतला शेवटचा कायदा असा, की कुणाच्या घरी माणूस गेलं तर रेडिओ बंद. ती बाई कामावर परत आली, की तिने आपल्या हाताने बटण फिरवायचं. तोवर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तिचं दुःख पुरं झालं हे आपण कोण ठरवणार, असं एकनाथरावांचं म्हणणं. राणी म्हणून तेलुगू मुलगी आहे तिथे. तिचा बाप वारला तेव्हा दिवसकार्य आटोपून आली, पहिल्या दिवशीच रेडिओ लावला, त्याच्याखाली उभी राहून पोटभर रडली आणि मग काजं करायला बसली. मला फार बरं वाटलं होतं ऐकून. आपल्या घरांतसुद्धा इतकी समज नसते.

गेल्या वर्षी ज्येष्ठात त्रिवेणीचे यजमान विजय गेले. सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत होते. जेवून उठले, हात धुवायला गेले आणि मोरीशीच बसले ते बसलेच. मुलगा चेतन पुण्याला नोकरीला. तो आला, सगळं केलं, परत गेला. घरात राहिल्या दोघी, त्रिवेणी आणि तिची सासू माई. माईंचा तो एकुलता एक. त्यांनी टीव्हीवर चादर टाकली आणि म्हणाल्या, "वर्षभर या घरात गाणंबिणं नको." त्यात जाच नव्हता. आमच्याकडे पाळतातच वर्ष. मीही हेच सांगितलं असतं.

महिन्याने त्रिवेणी कामावर गेली. खोली गप्प. आठ मशीनी नुसत्या घरघरतायत. सगळ्या हिच्याकडे बघतायत, की आता उठेल, मग उठेल. ही उठली नाही.

गुरुवारी देवळाच्या पायरीवर मला म्हणाली, "काकू, घरी तर घड्याळ तेवढं बोलतं. वाटायचं, कामावर गेल्यावर चार सूर कानावर पडतील. तर तिथंही मीच येऊन बसलेय गळ्यावर, सगळ्यांच्या."

"मग लाव ना तू. तुमचा कायदाच आहे तसा."

"राणीचा बाप गेला होता, काकू. माझा नवरा गेलाय." मग हळू म्हणाली, "आणि मंगलाताई समोर बसतात."

मंगला आमच्याच मागच्या गल्लीतली. दर रविवारी माईंकडे येऊन बसायची. मनाने वाईट नाही, पण तिच्या पोटात गोष्ट राहत नाही.

पुढे श्रावणात मी देवाच्या वस्त्रांसाठी खण घेऊन तिकडे गेले होते. त्रिवेणीने खण हातात घेतला, काठ बघितला, आणि ठेवायला म्हणून फळीपाशी गेली. मी बघत होते. तिचा हात रेडिओवर गेला. बटणावर बोटं टेकली. खोलीतल्या मशीनी एकेक करून थांबल्या. राणी तर हसायलाच लागली होती, "हौ अक्का, लगाओ, लगाओ!"

तेवढ्यात मंगला म्हणाली, "एवढ्यात?"

बस, एकच शब्द. तोही हळूच, काळजीने म्हटल्यासारखा. त्रिवेणीने पदराचं टोक घेतलं आणि रेडिओ पुसायला लागली. "किती धूळ बसलीय यावर," म्हणाली. वरून पुसला, मागून पुसला, आणि येऊन जागेवर बसली. वस्त्रांना आणखी किती कापड लागेल ते तिने सांगितलं, पण मला परत विचारावं लागलं. मला ऐकूच आलं नव्हतं.

एकनाथराव कात्री घेऊन उभे होते. त्यांनी लावला असता तर? पण कायदा त्यांचाच. ते मोडेनात, हिच्याच्याने पाळवेना.

त्यानंतर पोरींनी आपली सोय केली. आधी राणीने कानात ते बोंडूक घातलं, मोबाईलचं. मग दुसरीने. दिवाळीपर्यंत मंगलाचे सुद्धा कान भरले. ती आपली हरिपाठ ऐकते म्हणे. म्हणजे गाणं सगळ्यांना होतं, नव्हतं ते एकटीला. तीही घालू शकली असती. पण कानात वायरी घातलेली बाई, तीही वर्षाच्या आतली, हे माईंच्या कानावर गेलं असतं तर? त्रिवेणी कुणाला म्हणायची, "जरा दोरा दे गं," तर कुणाला ऐकू जायचं नाही. दोनदा हाक मारायची आणि स्वतःच उठायची. पहिल्या हाकेला ऐकू आलं पाहिजे म्हणणाऱ्यांच्या खोलीत ही गत.

दिवाळी झाली आणि तिने काम सोडलं. माईंना सांगितलं, सिकंदराबादला जरा मोठं दुकान मिळालंय. माईंनी मला देवळात विचारलं, "माणसं बरी आहेत ना गं तिथली? शांत आहेत ना?" मी म्हटलं, असतील.

दत्तजयंतीच्या आधी मला जरीची किनार हवी होती, म्हणून सिकंदराबादच्या बाजारात गेले. वाटलं, त्रिवेणीलाही भेटू. दुकान सापडलं. वर माडीवर शिवणखोली. जिन्यातच गाणं ऐकू येत होतं, चांगलं मोठ्याने. दारात गेले, तर त्रिवेणी खिडकीशी बसून गणवेशाला खिसे लावत होती आणि तिचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. किती महिन्यांनी मी तो चेहरा असा बघितला.

मग गळ्याकडे लक्ष गेलं. मंगळसूत्र होतं.

तिने मला बघितलं आणि पायडलवरचा पायच थांबला. शेजारच्या मशीनवर एक जाडजूड हसरी बाई होती, शकीला. ती म्हणाली, "आओ अम्मा, बैठो. त्रिवेणी के घर के पास के हैं क्या?"

"हौ," मी म्हटलं.

"हमारे यहाँ सबकी बारी रहती गाने की. ये त्रिवेणी अपनी पसंद का कभी नै बोलती. रोज बोलती, हमारे साहब की पसंद का लगाओ. हम सब छेड़ते इसको." आणि मग सहज विचारलं, "कैसे हैं भाईसाब?"

मी रोज देवापुढे बसणारी बाई. खोटं बोलायचं नाही हे आईने शिकवलेलं. त्रिवेणी माझ्याकडे बघत नव्हती, सुईकडे बघत होती.

"अच्छे हैं," मी म्हणाले.

परतताना बसमध्ये ती बरोबर होती. तार्नाक्याच्या पुढे गाडी आली तशी तिने मान खाली घालून मंगळसूत्र काढलं, रुमालात गुंडाळलं, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. सवयीचा हात होता.

"पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, साहब क्या करते. माझ्या तोंडून निघून गेलं, रेल्वेत आहेत. मग आहेतच झाले, काकू."

"अगं पण किती दिवस चालवशील?"

"सांगितलं की त्याही बंद करतील. चांगल्या आहेत सगळ्या. म्हणूनच बंद करतील."

तिला पाप लागेल असं म्हणावं, तर त्यातला अर्धा वाटा आता माझाही होता.

ज्येष्ठ आला. विजयचं वर्षश्राद्ध. चेतन आदल्या रात्रीच आला होता. माईंच्याने होत नाही म्हणून सकाळी मी मदतीला गेले. वडे, खीर, आमसुलाची चटणी. बघते तर त्रिवेणी डबा भरतेय.

"हे काय?"

"शाळा उघडल्यात. गणवेशांची घाई आहे. रजा देत नाहीत," ती माईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. मग ओट्याशी येऊन हळू म्हणाली, "मागितली होती. घरी मोठी पूजा आहे म्हटलं. शकीला म्हणाली, भाईसाब को बोलो ना, एक दिन वो सँभाल लेंगे. सगळ्या हसल्या. मी पण हसले."

"आज तरी सांग खरं. आजच्या दिवशी तरी."

"इतके महिने त्यांच्या नावाने गाणी लावून घेतली, काकू. आता कोणत्या तोंडाने सांगू?"

ती गेली. भटजींनी विचारलं, पत्नी कुठे? चेतनने खाली बघितलं. माई म्हणाल्या, "कामावर. सोडत नाहीत म्हणे." पिंड ठेवला. कावळा बराच वेळ आला नाही. आमच्या गल्लीत कावळेच कमी झालेत, त्यात काही मानायचं नाही, असं मी माईंना सांगत राहिले. शेवटी गाईला घातलं.

त्रिवेणी दिवेलागणीला आली. पाय धुऊन, फोटोला नमस्कार करून पानावर बसली. खीर गार झाली होती. माई समोर बसून बघत होत्या. जेवण झाल्यावर त्यांनीच उठून टीव्हीवरची चादर काढली आणि घडी करत म्हणाल्या, "झालं वर्ष. आता लाव काय लावायचं ते. घर खायला उठतं."

त्रिवेणी टीव्हीपाशी गेली. उभी राहिली. "उद्या लावीन, माई," म्हणाली, आणि ताट उचलून मोरीकडे गेली. मी मागून गेले तर नळ सोडून नुसती उभी. मला म्हणाली, "दुपारी त्यांचंच गाणं लागलं होतं. शकीलाने मुद्दाम दोनदा लावलं. म्हणाली, आज तू गप्प गप्प आहेस, घरी भांडण झालं वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात निघाले होते. बसस्टॉपच्या मागे, बंद दुकानाच्या शटरकडे तोंड करून त्रिवेणी उभी होती. दोन्ही हात मानेमागे. हूक काही लागत नव्हता, बोटं घसरत होती. लांबून बस दिसायला लागली.

मी फुलांची परडी कट्ट्यावर ठेवली. मागून जाऊन हूक लावून दिला. तिने हात खाली घेतले, पण वळून बघितलं नाही.

बस आली, ती चढली. मी कट्ट्यावरची परडी उचलली. मग घरी परत आले. त्या दिवशी देवळात जाववलं नाही.