निकाल न देणाऱ्या विजयाताई

फोन आला तेव्हा आम्ही पलूसच्या शेडमध्ये धुतलेली लोकर वाळत घालत होतो. विजयाताईंच्या मुलीचा आवाज ऐकला आणि पुढचं तिला बोलावंच लागलं नाही. मी फोन तसाच माझी भागीदार शैलाक्का हिच्या हातात दिला. तिनं ऐकून घेतलं, हातातली ओली लोकर पसरून पुरी केली आणि मगच खाली बसली... विजयाताई गेल्या, त्याला आता काही आठवडे झाले. साताऱ्यात शाळेची दप्तरं शिवण्याचा एक लहानसा कारखाना चालवणाऱ्या या बाईंचं नाव पेपरात कधी आलं नाही. आमचा धंदा मात्र त्यांच्यामुळे उभा राहिला, म्हणून हे लिहितो आहे.

आमचं घर आटपाडीच्या बाजूचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेलं. वडिलांनी अलीकडं थोडं डाळिंब लावलं, तरी मेंढरं ठेवलीच. पूर्वी कातरलेल्या लोकरीला गिऱ्हाईक दारात यायचं. माझ्या वेळेला ती बांधावर टाकून द्यायची पाळी आली होती. पुण्यातली गोदामातली नोकरी सोडून मी गावी आलो, तो या लोकरीचं काहीतरी करायचं असं डोक्यात घेऊन. ती धुवायची, थापून जाड आसनं करायची आणि शहरात विकायची. सांगलीच्या एका प्रदर्शनात मांडून बसलो. लोक हात लावून बघायचे आणि पुढं जायचे. शेजारच्या टेबलावर दप्तरं घेऊन पिकल्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर त्यांनी माझं एक आसन मागून घेतलं, त्यावर बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, बसायला छान आहे, कडा मात्र टोचतात. कडा कोण शिवतं, असं विचारलं. मी म्हणालो, मीच. लोकर धुतं कोण? मीच. विकायला तर मी समोर बसलेलोच होतो. हे सांगताना मला अभिमान वाटत होता. त्या हसल्या नाहीत. "साताऱ्याला ये," एवढंच म्हणाल्या.

तिथं त्या मला शिवण शिकवतील असं वाटलं होतं. त्यांनी मला नुसतं जवळ बसवून घेतलं. कुठला माल का परत आला, कुठल्या दुकानदाराला नाही म्हणायचं आणि ते कसं, किंमत सांगताना मान खाली का घालायची नाही... हे ऐकत मी दिवस काढले. मग एकदा त्या मला पलूसला शैलाक्काकडे घेऊन गेल्या. ती घरी ब्लाउज शिवायची. हात सुरेख, पण गल्लीबाहेर तिला कुणी ओळखत नव्हतं. विजयाताईंचं म्हणणं साधं होतं, हिला मजुरीवर ठेवू नकोस, भागीदार कर.

वडिलांना ते पटेना. "मेंढरं आपली, कष्ट आपलं, मग भाईरचं माणूस कशाला?" असं ते म्हणत राहिले. हे कळल्यावर विजयाताई एसटीनं थेट आमच्या वस्तीवर आल्या. वडिलांसमोर बाजेवर बसल्या आणि त्यांनी स्वतःचंच सांगितलं. कारखाना त्यांनी जावेबरोबर सुरू केला होता. किरकोळ कारणावरून बिनसलं आणि जाऊ निघून गेली. धंदा पुढे चांगला वाढला, पण यजमान अंथरुणाला खिळले.

"दवाखान्यात बसून मी कारखान्याचं ठरवत होते, दादा," त्या म्हणाल्या. "चुकतंय हे कळायचं. बरोबर काय, हे विचारायला कुणी नव्हतं. सगळं एकटीचंच होतं ना..."

वडिलांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "आवं ताई, मग त्या पलूसच्या बाईला एकदा हिकडं आणा की. जेवायला."

शैलाक्कानं कडांना सुती पट्टी लावली आणि आसनं खपू लागली. पुढं पुण्याच्या एका दुकानानं दिवाळीसाठी मोठी मागणी दिली. मला ती हवीच होती. शैलाक्का म्हणाली, "येवढ्या घाईत लोकर वाळायची न्हाई. वास मारणारा माल माझ्या हातनं जाणार न्हाई." आमचं बोलणं बंद झालं. शेवटी दोघंही साताऱ्याला विजयाताईंच्या घरी गेलो. त्यांनी दोघांचं पुरतं ऐकून घेतलं.

"मी निकाल दिला, तर तुम्ही माझे नोकर झालात," त्या म्हणाल्या आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघून गेल्या.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मग मी कधी न बोललेलं बोललो. वडील त्या साली मेंढरं विकायला निघाले होते. या लोकरीत दम आहे हे मला त्यांना दाखवायचं होतं. शैलाक्काला हे ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "आदी सांगायचं न्हाईस व्हय रं?" अर्धा माल वेळेत होईल असं आम्ही ठरवलं आणि तिथूनच दुकानदाराला फोन केला. त्याला सगळा हवा होता, नाहीतर काहीच नको. मागणी गेली. विजयाताई परतल्या, त्यांनी ऐकलं, धीर वगैरे दिला नाही. मेथीच्या जुड्या आमच्यापुढे ठेवल्या आणि तिघंही निवडत बसलो. पुढच्या वेळी दुकानदाराच्या आधी एकमेकांशी बोला, एवढं त्या मध्येच म्हणाल्या.

वडिलांनी अर्धी मेंढरं विकली. उरलेली आहेत, आणि आता शेजारच्या वस्त्यांची लोकरही आम्हीच घेतो.

विजयाताईंचं आजारपण आम्हाला उशिरा कळलं. शेवटचं भेटलो तेव्हा मी एकटाच होतो. त्यांचा आवाज अगदी खोल गेला होता. धंद्याबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. "शैला का नाही आली?" म्हणाल्या. तिच्या मुलाला ताप आहे असं सांगितलं. मग तिला एकटीला टाकून इथं काय करतोस, असं त्यांनी विचारलं आणि मला लवकर परत पाठवलं... ती भेट शेवटची ठरेल असं मला वाटलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर त्यांची मुलगी आम्हा दोघांना म्हणाली, एकदा कारखान्यात जाऊन या. मला जायचं नव्हतं. बंद दार बघायचं धाडस नव्हतं. गल्लीत वळलो तर यंत्रांचा आवाज येत होता. आजार कळल्यावर विजयाताईंनी शिवणकाम करणाऱ्या जुन्या चारही बायकांना कारखान्यात भागीदार केलं होतं. आम्हाला बोलल्या नव्हत्या. आत दोघींचा दप्तराच्या पट्ट्याच्या रुंदीवरून वाद चालला होता. त्यांनी आम्हाला स्टुलं दिली, पाणी दिलं आणि पुन्हा वादाला लागल्या. शैलाक्कानं एक दप्तर उचललं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि फोन आल्यापासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मधल्या टेबलावर पुढच्या हंगामाचं निळं कापड पसरलं होतं. वाद मिटला असावा, कारण त्यांच्यातली एकजण पुढं वाकली आणि त्यावर खडूनं रेघ ओढू लागली. दुसरीनं कापडाचं टोक ताणून धरलं.