भिंगकाकू आणि पांढऱ्या चादरी

कपडे धुणाऱ्या बाईपासून काही लपवायचं असेल तर माणसाने उघडंच फिरावं, असं कोपऱ्यावरचा सलूनवाला म्हणायचा. म्हणताना स्वतःची कॉलर चाचपायचा. जन्मजात काळ्या केसांबद्दल त्याचा गल्लीभर लौकिक, आणि त्याच्याच कॉलरवर एकदा भिंगकाकूंना काळ्या रंगाचा ओघळ सापडला होता. काकू कुणाला काही बोलल्या नाहीत. शर्ट परत देताना फक्त म्हणाल्या, "रंग छान आहे, पण टिकाऊ नाही." सलूनमध्ये तेव्हा गिऱ्हाइकं बसलेली होती. आता याला न बोलणं म्हणायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

भिंग काकूंकडे खरोखरच होतं. घड्याळं दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं. काका गेल्यापासून लाँड्री त्या एकट्याच चालवत. खाली धुण्याची मशीनं आणि इस्त्रीचं लांबलचक टेबल, वरच्या मजल्यावर मुलगी आणि जावई, त्याच्यावर गच्ची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोऱ्याच दोऱ्या. कपडा मशीनमध्ये जाण्याआधी त्याचे खिसे उलटे व्हायचे. हा धंद्याचा नियमच आहे. काकूंनी त्याला आवडीची जोड दिली होती, इतकंच. गिऱ्हाईक म्हणालं की डाग शाईचा आहे, की काकूंना आधी वाटायचं, नसणार. बहुतेक वेळा नसायचाच. असं वर्षानुवर्षं बरोबर येत गेलं की माणूस बिघडतो.

मग गल्लीच्या मागची लाकडाची वखार गेली आणि तिथे काँक्रीट कालवायचा प्लांट आला. सिमेंटच्या उंच टाक्या, त्यांना बिलगलेला लोखंडी जिना, जिन्याच्या डोक्यावर काचेची केबिन. परवानगी देताना सरकारी कार्यालयाने अट घातली होती की जड गाड्या बाहेरच्या मोठ्या रस्त्यानेच जातील. पण बाहेरचा रस्ता लांबचा, गल्ली जवळची. पहाट झाली की पोट गरगर फिरवत ट्रकमागून ट्रक काकूंच्या दारावरून जायला लागले. फडताळातल्या कपबश्या दिवसभर आपापसांत कुजबुजायच्या. गच्चीवर सकाळी घातलेला शर्ट दुपारी काढला तर तो मुळात कोणत्या रंगाचा होता हे मालकाला विचारावं लागे. शेवटी काकूंनी कपडे आत, पंख्याखाली वाळवायला घेतले. कपड्यांना कोंदट वास यायला लागला आणि गिऱ्हाइकं नाकं मुरडायला लागली. गच्चीवरच्या दोऱ्या ओस पडल्या. समोरच्या बाल्कन्यांतही कुणी रुमालसुद्धा वाळत घालेना.

आणि नेमका जावई त्याच प्लांटवर ड्रायव्हर म्हणून लागला. आधी तो लांबच्या गावांना माल पोचवायचा, घरी पाहुण्यासारखा यायचा. मुलगी म्हणाली, "आता निदान रोज जेवायला तरी घरी असेल." काकूंनी मान डोलावली. मनात शंकेची पाल चुकचुकली. पण ती पाल काकूंच्या मनात भाड्याने नव्हे, मालकीहक्काने राहत होती.

गल्लीने समिती केली. प्रमुख कोण, तर निवृत्त हेडमास्तर. त्यांनी अर्ज केले, ट्रकांचे व्हिडिओ दाखवले. प्लांटचा मॅनेजर कार्यालयात हात जोडून म्हणाला, "एखादी गाडी चुकून आली असेल, साहेब. रोज येत नाहीत." तेव्हा तिथल्या तपासणी साहेबांनी ठरवलं, स्वतः येऊन उभं राहायचं. कधी येणार ते आदल्या संध्याकाळी फक्त मास्तरांना कळवायचं, आणि मास्तरांनी समितीला.

इथे काकूंच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. "साहेबांना धूळ दाखवायची ना? मग पांढऱ्यावर दाखवा. पहाटेच सगळ्यांनी धुतलेल्या पांढऱ्या चादरी बाहेर घाला. साहेब येईपर्यंत त्यांची फरशी पुसायची फडकी झालेली असतील. बोलायची गरजच नाही." सगळ्यांनी वाहवा केली. चादरी काकूंनी स्वतः नीळ घालून, कडक करून दिल्या.

साहेब आले. रस्त्यावर ट्रक नाही. एक कुत्रं मात्र भर रस्त्यात ऐसपैस झोपलेलं. चादरी वाऱ्यावर अशा लखलखत होत्या की साहेबांना डोळे बारीक करावे लागले. जाताना ते काकूंना म्हणाले, "फार छान धुता हो तुम्ही."

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला साहेबांनी आपले दोन कोट धुवायला आणले.

आता मात्र गल्ली एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघायला लागली. लाँड्रीत बैठक बसली ती गठ्ठ्यांवरच.

"आपल्यातलंच कुणीतरी फितूर आहे," मास्तर म्हणाले.

"नाव घेऊ नये," सलूनवाला म्हणाला आणि छताकडे बघायला लागला. छताच्या वर जावयाची खोली होती.

"वर काय बघतोस? पंखा चालू आहे," काकू म्हणाल्या.

"तेच बघतोय. कुणाच्या पैशावर चालतो ते."

मास्तर खाकरले. "काकू, राग मानू नका. आपण इथे बोलतो ते जिन्यावर ऐकू जातं. ते आमचेही जावई आहेत. पण मीठ कुणाचं खातात हेही बघायला हवं. त्यांनी नोकरी सोडावी, नाहीतर वरची खोली. नाहीतर बैठका दुसरीकडे घेऊ. तुमच्याशिवाय."

काकूंना पोटच्या पोरीपेक्षा गल्ली जास्त प्रिय होती असं नाही. पण आपल्याशिवाय बैठक होईल आणि तिथे काय बोललं जाईल ते आपल्याला कळणार नाही, ही कल्पना त्यांना सोसवेना. त्यांनी जावयाचे गणवेश जरा जास्तच मन लावून धुवायला घेतले. शोधलं की सापडतं. एका खिशात सापडली दातकोरणी. साधी नव्हे, कागदात गुंडाळलेली, वर मोठ्या हॉटेलचं नाव छापलेलं. त्या हॉटेलात मॅनेजर जेवतो हे गल्लीला ठाऊक होतं. काकूंनी भिंग डोळ्याला लावलं. दातकोरणी वापरलेली होती.

संध्याकाळी जावई हातपाय धुऊन जेवायला बसला, तेव्हा काकूंनी ती त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"जावईबापू, अलीकडे बाहेर जेवण चांगलं मिळतंय वाटतं."

त्याने दातकोरणी ताटापासून दूर सरकवली. "आई, तुम्हाला काय विचारायचंय ते सरळ विचारा."

"मी कशाला विचारू? साहेब येणार म्हटलं की रस्ता कसा झाडल्यासारखा रिकामा होतो, एवढंच कोडं आहे. कुणीतरी जेवू घालत असेल, कुणीतरी जेवत असेल."

मुलीने पळी आपटली. "त्या हॉटेलात मी होते याच्याबरोबर! लग्नाचा वाढदिवस होता आमचा. चोरून गेलो, चोरून आलो. तुला सांगितलं असतं तर काय खाल्लं, किती खाल्लं, कुणी वाढलं, त्याची बायको काय करते, सगळी उलटतपासणी झाली असती!"

"मग आधी सांगायचं—"

"आई," जावई उठत म्हणाला, "तीन पायांच्या स्टुलावरसुद्धा माणूस विश्वास ठेवूनच बसतो. या घरात मला बसताच येईना."

त्या आठवड्यातच दोघांनी प्लांटच्या पलीकडे एक खोली घेतली. सामान जाताना गल्लीतली सगळी दारं किलकिली होती. मास्तर म्हणाले, "योग्य केलंत." काकूंना ते वाक्य कॉलरमध्ये राहून गेलेल्या टाचणीसारखं रात्रंदिवस टोचत राहिलं. वरची खोली रिकामी, आणि आता कुणाचे खिसे बघायचे?

राहून गेलेले दोन गणवेश मात्र गठ्ठ्यात होते. काकूंनी ते कडक इस्त्री करून घेतले आणि स्वतः प्लांटवर निघाल्या. निमित्त गणवेशाचं, डोळा पुराव्यावर. अजूनही कुठेतरी वाटत होतं की मॅनेजर नि जावई चहा पिताना दिसले तर बरं होईल, म्हणजे आपण चुकलो नाही हे तरी ठरेल. जावई फेरीवर गेलेला. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, वर केबिनमध्ये ठेवून जा. लोखंडी जिना चढून त्या धापा टाकत वर पोचल्या. आत मशीन चालवणारा चष्मेवाला ऑपरेटर होता. कुठल्यातरी लाँड्रीची बाई समजून त्याने खुर्ची दिली, वर चहाही.

"इथून सगळं दिसतं हो," काकू काचेतून बघत म्हणाल्या.

"सगळं! ती रिकाम्या दोऱ्यांची गच्ची दिसते? ती आमची वेधशाळा."

काकूंचा कप ओठाशी थांबला. गच्ची त्यांचीच होती.

"एरवी त्या गल्लीत पायपुसणंही वाळत नाही," तो रंगात आला. "आणि एका पहाटे बघतो तर सगळीकडे पांढरंशुभ्र. आमचे मॅनेजर हुशार. म्हणाले, जिथे रुमाल वाळत नाही तिथे आज चादरी? कुणाला तरी दाखवायच्या असणार. गाड्या वळवा! दुपारी बघतो तर खरंच साहेबाची गाडी. तेव्हापासून हुकूमच आहे, चादरी दिसल्या की लांबच्या रस्त्याने जायचं. ज्या कुणाची ही कल्पना आहे ना, त्याचा सत्कार करायला पाहिजे असं मॅनेजर म्हणतात."

काकूंना ठसका लागला. तरी चिवट बाई, खोकता खोकता विचारलंच, "त्या गल्लीतला तुमचा ड्रायव्हर आहे ना, तो देत असेल की बातम्या."

"तो? मॅनेजरने खोदून खोदून विचारलं त्याला. म्हणाला, घरात प्रश्न विचारायचं काम सासूबाईंकडे आहे, मला फक्त जेवायला बोलावतात."

काकू जिना उतरल्या. गल्लीत येऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं. लपवलं असतं तरी ते चालण्यातून फुटलं असतं. सलूनवाल्याने मांडीवर थाप मारली. "काखेत कळसा नि गावाला वळसा! काकू, चादरी पांढऱ्या केल्यात, तोंडं आमची काळी!"

"तुझ्या कॉलरएवढी नाहीत," काकू म्हणाल्या. पण आवाजात दम नव्हता.

पुढचे काही दिवस गल्लीने मजाही केली. कुणाला दुपारी शांत झोप हवी असली की गच्चीवर एक चादर जायची आणि रस्ता चिडीचूप व्हायचा. मास्तरांनी ओरडून ते थांबवलं. म्हणाले, सारखं लांडगा आला केलं तर मॅनेजर शहाणा होईल.

मग साहेबांचा निरोप आला. उद्या येतोय, ही शेवटची खेप. मास्तरांनी सगळ्यांना बजावलं, उद्या दोरीवर चिंधीही नको आणि बाहेर चकार शब्द नको. काकूंनी मान डोलावली, इस्त्री बंद केली आणि दिवेलागणीला थेट मुलीच्या खोलीवर गेल्या.

मुलीने दार उघडलं, बाजूला झाली, पण ये म्हणाली नाही. जावई बूट काढत होता.

"उद्या साहेब येणार आहेत," काकू उभ्या उभ्याच म्हणाल्या. "चादरी घालणार नाही आम्ही."

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. "हे मला कशाला सांगताय?"

"सांगितलं."

"गल्ली बंद झाली तर लांबून जावं लागेल. माझ्या फेऱ्या कमी होतील. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि मी मॅनेजरला जाऊन सांगितलं तर?"

काकूंनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे या प्रश्नाची निदान वीस उत्तरं होती, आणि प्रत्येकाला शेपूट टोमण्याचं. त्यांनी तोंड मिटलं आणि जिना उतरून आल्या.

सकाळ झाली. दोऱ्या रिकाम्या. आणि रस्ताही रिकामा! पहाटेची पहिली गाडी आली नाही, नंतरचीही नाही. साहेब आले, नेमका पांढरा सदरा घालून. कुत्रं आपल्या जागी झोपलेलं. मास्तर हळूच काकूंना म्हणाले, "तुम्ही कुणाला बोलला नाहीत ना?"

काकूंच्या मनातली पाल आता चुकचुकत नव्हती, ओरडत होती. शेवटी अस्तनीतला निखारा तो निखाराच! आणि तिच्याच बाजूला दुसरा आवाज, आयुष्यात पहिल्यांदा विश्वास टाकलास, तोही असा? साहेबांनी घड्याळ बघितलं. गाडीचं दार उघडलं.

कुत्रं उठलं. कान टवकारून बाजूला झालं.

पहिला हॉर्न कोपऱ्यावर वाजला. मग रस्ता थरथरला, फडताळात कपबश्या बोलायला लागल्या, आणि पोट गरगर फिरवत पहिला ट्रक आला. त्याच्या मागे दुसरा, तिसरा, पुढे मोजायला धुळीत दिसतच नव्हतं. प्लांटवरचा खडी वर नेणारा पट्टा तुटला होता म्हणून सगळ्या गाड्या सकाळपासून अडकून पडल्या होत्या आणि आता एकदमच सुटल्या होत्या. पहिला ट्रक जावई चालवत होता. लाँड्रीपुढे आल्यावर त्याने काकूंकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त हॉर्न दाबला, चांगला लांबलचक.

धूळ बसली तेव्हा साहेब राखाडी झाले होते. ते आत आले, सदरा काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. काकूंनी सवयीने खिसा उलटा केला आणि लगेच सरळ केला.

पुढे गल्लीच्या तोंडावर लोखंडी कमान बसली, ट्रक अडेल इतकी ठेंगणी. प्लांट मात्र आहे तिथेच आहे, आणि वारा त्या बाजूचा असला की दोऱ्या अजूनही रिकाम्या ठेवाव्या लागतात. मॅनेजरवर काकूंचा काडीचा विश्वास नाही. रोज सकाळी त्या कमानीचे बोल्ट भिंगाने बघून येतात.

मुलगी नि जावई वरच्या खोलीत परत आले नाहीत. पण एका सोमवारी मुलगी गठ्ठा घेऊन आली, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "याचे गणवेश. तिकडची लाँड्री नीट धूत नाही." म्हणाली आणि चहाला थांबली.

ती गेल्यावर काकूंनी खिसा उलटा केला. कागदातली दातकोरणी निघाली, त्याच मोठ्या हॉटेलची. घरातला कुठलाही वाढदिवस त्या दिवसांत येत नव्हता, हे काकूंनी मनात तपासून बघितलं. त्यांनी दातकोरणी फळीवर ठेवली, भिंग शेजारी ठेवलं, आणि काही न विचारता गणवेश मशीनमध्ये टाकला.

तो वाळेपर्यंत तरी त्यांनी विचारलं नाही.