काठावरची राखण

मेक्सिकोचा बेत शिजला तो परदेशात, ओंगारमध्ये, मुलाच्या घरी, साथीमुळे घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती तेव्हा. आम्ही दोघं पुण्याहून थोड्या दिवसांसाठी आलेलो, विमानं बंद झाली आणि अडकलो. नातीने टीव्हीवरच्या जाहिरातीवर बोट ठेवलं: निळं पाणी, पांढरी वाळू, माडाला बांधलेला झुला. ह्यांनी लगेच मुलाचा जुना टॅब मांडीवर घेतला. मग रोज चहानंतर तिथल्या हॉटेलांच्या खोल्या बघणं सुरू. खिडकीतून समुद्र दिसायला हवा, तळमजला नको.

"या खेपेला तरी पाण्यात येणार ना?" हे विचारायचे.

"बघू," मी म्हणायचे.

लग्नानंतर अलिबागला गेलो होतो, त्याची ही थकबाकी. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच. वाळूत रेशमी साडी, अंबाड्यावर गजरा, आणि ह्यांच्या चपला अशा छातीशी धरलेल्या की जणू देवीचे दागिने. हे कमरेएवढ्या पाण्यातून हाका मारतायत, "अगं, ये ना," आणि ही बया काठावरून ओरडतेय, "चपला कोण बघेल?" किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. एक कुत्रं होतं, तेही झोपलेलं.

थंडी सुरू झाली तसा ह्यांना ताप आला. ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात नेलं. भेटायला बंदी. फोनच्या पडद्यावर मास्कमधून एवढंच म्हणाले, "खोली बघून ठेव." त्यानंतर घरी आले नाहीत.

म्हणजे, लोकांच्या मते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीच जिन्यावर घसा खाकरल्याचा आवाज आला. चहाच्या वेळेला टॅब आपोआप उजळायचा: तुम्ही पाहिलेली खोली अजून शिल्लक आहे. एकदा सून दारातून डोकावली. "आई, बाबांशी बोलत होता का?"

"छे. तेच बोलत होते."

ती बिचारी जिना उतरताना दिवा लावायला लागली.

दहाव्याला पुण्याचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. फोन कढईला टेकवून मागच्या अंगणात ठेवला, पिंड मांडले. कुंपणावर कावळा येऊन बसला. इथले कावळे राखाडी जाकीट घातल्यासारखे. बसला, पण खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा अडकलीय. ती पुरी करू असा शब्द द्यायचा, की तो शिवतो आणि माणूस मोकळा होऊन निघून जातो.

मुलगा हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळ्याने मान फिरवली.

"पुण्याचं घर विकणार नाही." तरी कावळा हलेना.

"आजोबा, वुई विल गो टू मेक्सिको," नात म्हणाली. "प्रॉमिस."

कावळा कुंपणावरून गवतात उतरला. दोन उड्या मारून पिंडाजवळ आला आणि थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काय राहिलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. मी पाण्यात येईन, एवढं म्हटलं की झालं. पण म्हटलं की हे जाणार. मग जिन्यावर कोण खाकरणार? मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"आई, तुम्ही काहीतरी म्हणा ना," सून कुजबुजली.

"मला काही आठवत नाही बाई."

शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करा म्हणाले. दर्भ कुठला इथे? मुलाने लॉनचं गवत उपटून काहीतरी वळलं, ते पिंडाला लावलं, आणि सगळे आंघोळीला गेले. खरा कावळा तिथेच उभा होता. मी खिडकीतून बघत होते, तो माझ्याकडे.

पुढच्या वर्षी विमानं सुरू झाली. मुलाने बुकिंग केलं, तीच समुद्रासमोरची खोली. सुनेने माझ्यासाठी पोहण्याचा पोशाखसुद्धा आणला, गुडघ्याखालपर्यंत झाकणारा.

"आई, आता उतरायचं हं पाण्यात," मुलगा म्हणाला. "बाबांची फार इच्छा होती."

जिना अगदी गप्प झाला. कोणीतरी श्वास धरून उभं असावं तसा.

"बघू," मी म्हणाले.

पोशाख बॅगेत ठेवला, नाहीतर सुनेला वाईट वाटलं असतं. त्याच्यावर ह्यांच्या चपला ठेवल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. परक्या देशातला किनारा, गर्दीचा. चपला सांभाळायला काठावर कोणीतरी बसायलाच हवं. आणि मी काठावर बसले, की हे पाण्यातून हाका मारत राहतील.