सुवेरातली रजा

आमच्या कंपनीत बापांनाही रजा मिळणार, असं जाहीर झालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडं बघून वाजवल्या. कारण बाकीच्यांची पोरं दहावी-बारावीला होती आणि चाळिशी उलटून गेल्यावर पहिल्यांदा बाप होऊ घातलेला मी एकटाच होतो.

"साहेब, टाके कधी काढणार?" लाईनवरच्या एकानं विचारलं.

"डिंकाचे लाडू कँटीनमधून मिळणार, का घरून आणायचे?" दुसऱ्यानं.

मी हसलो. एवढ्या वर्षांनी लेकरू होतंय म्हटल्यावर माणूस कशालाही हसतो.

रजा दोन आठवड्यांची होती. अटी दोनच, सलग घ्यायची आणि बाळ झाल्यापासून महिन्याच्या आत घ्यायची. ज्यानं कुणी त्या लिहिल्या, त्यानं असं धरलं होतं की बाळ दवाखान्यातून बापाच्या घरी येतं. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरचं. दवाखाना शहरातला, क्रांती चौकाच्या अलीकडचा. पण डिस्चार्ज मिळाला की गाडी आमच्या फ्लॅटकडं वळत नाही, थेट तिच्या माहेरी, पाचोडला जाते. सव्वा महिना बाई तिथं, आणि बाप सुट्टीच्या दिवशी भेटायला जाणार, पिशवीत सफरचंदं घेऊन.

म्हणून मी एचआरच्या मॅडमकडं गेलो. म्हटलं, ही रजा मला आत्ता नको. ती परत घरी येईल तेव्हा अर्धी द्या, आणि तिची शाळा सुरू होईल तेव्हा अर्धी. बायको शिक्षिका आहे, तिची रजा संपली की घरात लेकराजवळ कुणी नसणार.

"सर, सिस्टीम सलगच घेते," मॅडम म्हणाल्या.

"मग सिस्टीमचं सासर पाचोडला नसणार."

मॅडम हसल्या नाहीत. मी डिस्चार्जच्या दिवसापासून सलग रजा लिहून दिली. पण गाडीवर घरी जाताना मनात आलं, तिची रजा तिच्या शाळेत, माझी माझ्या कंपनीत. दोघांचे अर्ज वेगळे, नियम वेगळे, जणू दोन निरनिराळी लेकरं जन्माला येणार होती. दोन्ही रजा एका डब्यात घालून आम्हा दोघांना हवी तशी वाढून घेऊ दिली असती, तर कुणाचं काय बिघडलं असतं?

मुलगी झाली. सिझेरियन झालं. दवाखान्यात बायकोनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. "दुपारी दोन तास तुम्ही हिला घ्या. मी झोपते. बाकी काही नको मला." लेक खाली ठेवली की रडायची, कुणाच्या तरी छातीवरच झोपायची. आणि टाके घातलेली बाई तिला घेऊन सारखी बसून होती. मी म्हणालो, दोन तास कसले, चार घे! रजाच त्यासाठी आहे.

पाचोडला उतरलो आणि माझं बापपण संपून जावईपण सुरू झालं.

ओसरीवर कॉट, कॉटवर नवी सतरंजी, शेजारी टेबलफॅन आणि तोही फक्त माझ्याकडं वळवलेला. पाण्याचा रिकामा ग्लास मोरीत ठेवायला उठलो तर "राहू द्या, राहू द्या" म्हणत तिघं धावले. सकाळी शिरा, दुपारी पुरणपोळी, संध्याकाळी मटण. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. मामांनी थोडी शेती केली, थोडी मजुरी केली, पण बोलायची सवय काही लागली नाही. रोज सकाळी ते कॉटजवळ येऊन विचारायचे, "झोप झाली का?"

झाली होती. त्या घरात फक्त माझीच झाली होती.

बायको भिंतीच्या पलीकडं होती. बाळंतिणीची खोली ओसरीला लागूनच. दाराला जाड पडदा, आणि पडद्याच्या खालून शेपा-ओव्याची धुरी बाहेर यायची. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, मला समजावलं होतं. "सुवेर हाय, जावईबापू. आत गेलेल्यानं आंघोळ केल्याबिगर भाईर कशाला शिवायचं नाय." मला वाटलं, म्हणजे पुरुषांनी आत जायचंच नाही. मामांनाही आयुष्यभर तसंच वाटत आलं असावं, कारण ते त्या उंबऱ्याकडं बघतसुद्धा नव्हते. लेक दिवसातून एकदा दारात आणून मला लांबून दाखवली जायची.

मग आम्ही नवरा-बायको भिंतीच्या दोन बाजूंनी मोबाईलवर बोलायला लागलो.

"काय करताय?"

"जेवतोय."

"काय आहे?"

"मटण."

"मला बिनतिखटाचं वरण. डोळे जळतायत. या ना."

"मामी दारात बसल्यात."

आतून लेकीचं रडणं आलं, आणि मामींचा आवाज, "सारखी घेऊ नको, हाताची सवय लागंल तिला." मी मटणाचा रस्सा संपवला. पानात टाकलं असतं तर 'आवडलं नाय का?' म्हणत अजून दोन वाट्या आल्या असत्या.

रजेचा पहिला आठवडा असा कॉटवर गेला. वजन वाढलं, आणि ज्या कामासाठी रजा घेतली ते काम हातभर अंतरावर मला ऐकू येत राहिलं.

बाजाराच्या दिवशी मामी खोबरं आणायला बाहेर पडल्या. लगेच मोबाईल वाजला. "आई गेली. या."

मी गेलो. खोलीत धुरानं समोरचं दिसत नव्हतं. खिडकीच्या फटीत जुनी लुगडी कोंबलेली, बाजेखाली शेगडी. बायकोनं लेक माझ्या हातात दिली आणि मी नीट धरायच्या आत ती झोपली. तोंड उघडं टाकून झोपली. मी खाली पाटावर बसलो, पाठ भिंतीला. लेक छातीवर. घामानं चष्मा नाकावरून घसरायला लागला, तो वर करायला हात मोकळा नव्हता. थोड्या वेळानं डावा पाय माझा आहे का शेजाऱ्याचा, तेही कळेना.

आणि नेमक्या तेव्हाच शेजारच्या दोघी बाळंतविडा घेऊन आल्या. पडदा बाजूला झाला.

"अगं बया! जावई आत हायेत!"

"बनियनवर!"

मी हनुवटीनंच खुणावलं, ती झोपलीय.

"लाडू बी आता यांनाच द्या म्हणावं," पहिली म्हणाली.

"लाडवाचं काय घिऊन बसली? दूध कसं पाजतेत ते बघायचंय मला."

दोघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. उठून पळावं असं फार वाटलं. पण मी हललो तर लेक उठणार, लेक उठली तर तिची आई उठणार. मी बसून राहिलो, लाजेनं आणि शेगडीनं दोन्हीकडून भाजत.

मामी आल्या. दोघींनी दारातच गाऱ्हाणं घातलं. मामींनी पडदा धरून आत पाहिलं. माझ्याकडं नाही, लेकीकडं, म्हणजे त्यांच्या लेकीकडं. पिशवी हातात धरून त्या बराच वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

"कवाशिक झोपली?"

"तुम्ही गेल्या गेल्या."

त्यांनी पडदा खाली सोडला. बाहेर त्या बायांना म्हणाल्या, "चला, च्या घ्या. हळू बोला."

बायको उठली तेव्हा मामींनी मला मोरी दाखवली. मी आंघोळ केली. संध्याकाळी परत आत गेलो, परत आंघोळ. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोनदा. जाऊ नका असं कुणी म्हणतच नव्हतं! नियम आंघोळीचा होता, बाप्यांच्या मनाईचा नव्हता. इतक्या आंघोळी करायची तयारी आजवर कुठल्या बाप्यानं दाखवली नव्हती, एवढंच.

पण नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. त्या दिवशीच्या तिसऱ्या बादलीला मामींनी पाण्याच्या टिपाडात वाकून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"सारखं आत-भाईर, आत-भाईर. पानी कुठून आनू मी? एकतर आत ऱ्हावा, नायतर भाईर."

पडद्यामागून बायको म्हणाली, "आत."

असा मी सुवेरात बसलो. ताट उंबऱ्यावरून आत सरकायचं, तेही आता बिनतिखटाचं. डिंकाचे लाडू खरंच मिळाले. दुपारी लेक छातीवर घेऊन मी बसायचो, बायको झोपायची. तिच्या डोळ्यांखालचं काळं रोज थोडं कमी झालेलं मला त्या धुरातही दिसायचं. मामा सकाळी येऊन पडद्याबाहेरून विचारायचे, "झोप झाली का?" मी म्हणायचो, "नाही." मग त्यांना पुढं काय बोलावं ते कळायचं नाही.

हे सगळं मोठ्या आनंदानं केलं असं सांगायला मला आवडलं असतं. पण चौथ्या दिवशी माझा जीव गुदमरला. खिडकी उघडूया म्हटलं तर "वारं लागंल." जरा चक्कर मारून येतो म्हटलं तर बादली. कारखान्यातला कर्कश भोंगासुद्धा मला आठवायला लागला, आणि गोड वाटायला लागला. बायकोला म्हणालो, "तुला कसं सहन होतं गं?" ती लेकीला पाजत होती. "मला कुणी विचारलंय कुठं?" म्हणाली. माझी सुटका कोणत्या तारखेला आहे हे कंपनीनं ठरवून दिलं होतं. तिच्या सव्वा महिन्यातला बराचसा अजून पुढंच होता, आणि त्यानंतर शाळा.

शेवटच्या सकाळी मी आंघोळ केली, कंपनीचा शर्ट घातला, बूट चढवले. पहिली पाळी गाठायची होती. कंपनी बिडकीनला, तिथून जवळ नाही. गाडी अंगणात काढली आणि आत लेक रडायला लागली. तिचं ते खाली ठेवल्यावरचं रडणं आता मला ओळखू यायचं. बायको रात्रभर जागी होती. मी किल्ली हातात घेऊन उभा राहिलो. आत गेलो तर आंघोळ, आंघोळ म्हणजे उशीर, आणि रजा तर संपलेली.

मी एक बूट काढला.

मामी चुलीपुढून उठल्या, गुडघ्यावर हात देत. त्यांच्याकडं नीट पाहिलं तर त्यांचेही डोळे लाल होते.

"घाला त्यो," त्या म्हणाल्या. "तुमचं एक लेकरू हाय आत. माझी दोन हायेत."

त्या आत गेल्या, पडदा पडला. मी बूट घातला, गाडीला किक मारली. वळणापर्यंत गेलो तेव्हा रडणं ऐकू येईनासं झालं. लेक गप्प झाली, का गाडीच्या आवाजात ते बुडालं, हे बघायला थांबावं असं वाटलं. मी थांबलो नाही.