सीटखालचा गाळ
गाडीतल्या अत्तराचा वास आला की मला अजून किळस येते. मुलाला सगळं घर मावेल अशी मोठी, भरवशाची जुनी गाडी हवी होती. मंगळवार पेठेत जुन्या गाड्या विकणाऱ्या माझ्या भाच्यानं त्याच्याकडची एक दाखवली, गाणीही मोठ्यानं लावली. पण अत्तराखाली मला महापुराचा कुबट वास आला. सीटखाली हात घातला, तर वाळलेला गाळ बोटांना लागला. "मावशी, धूळ हाय ती. गाडी काय हुंगून घेत्यात व्हय?" भाचा म्हणाला. "पुरात बुडालेली गाडी मावशीच्याच गळ्यात मारतोस?" मी विचारलं. त्यानं गाणी बंद केली. मुलानं किल्ली परत दिली. पुरानंतर माझ्या घरातला गाळ याच भाच्यानं दोन दिवस उपसला होता. तो वास त्याला माझ्याइतकाच ठाऊक होता. आता तो आला की मी चहा देते, पण बस म्हणत नाही.